आधी बाबांना विचार

अगं, रिसेप्शनच्या यादीतून तू बाप-लेकीचा नाच परस्पर काढून टाकलास, हे मला अजिबात पटलेलं नाही. न्यू जर्सीच्या त्या हॉलमध्ये नवरदेव त्याच्या आईबरोबर नाचणार, कारण तिकडची ती रीतच आहे, आणि आपले बाबा बाजूला बसून टाळ्या वाजवणार? "त्यांना अवघडल्यासारखं होईल," असं काकू म्हणाली, आईने मान डोलावली आणि तू काट मारलीस. बाबांना कोणी विचारलं? मणक्याला मार लागला, पाय गेले. तालाची समज कुठे गेली? शाळेच्या लेझीम पथकात पुढे असायचे ते.

ते मनापासून नको म्हणाले, तर विषय तिथेच संपला. मग गळ घालायची नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. पण हो म्हणाले, तर पुढचं नीट ऐक.

खुर्ची मधोमध ठेवायची, ब्रेक लावायचा आणि मुलीने भोवती गिरक्या घ्यायच्या, असं बऱ्याच लग्नांत करतात. ते करू नकोस. त्यात बाप नाचतच नाही, सगळ्यांसमोर नुसता बसून राहतो. बाबा फिरले पाहिजेत, आणि आपल्या हाताने फिरले पाहिजेत.

खरी अडचण इथेच आहे. त्यांचे हात हेच आता त्यांचे पाय. तू दोन्ही हात धरलेस की त्यांची चाल थांबली. म्हणून एकच हात धर. तू त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहा, त्यांचा डावा हात तुझ्या हातात. त्यांनी उजवं चाक पुढे ढकललं की खुर्ची डावीकडे वळते, म्हणजे तुझ्याकडे. तू जागेवर हळूहळू वळत राहिलीस, तर ते तुझ्याभोवती गोल फिरतील. बघ, तुझ्याभोवती ते! दोन्ही हात धरायचेच असतील, तर समोरासमोर उभी राहा आणि एकेक पाऊल मागे जा, खुर्ची तुझ्यामागे सरकत येईल. फक्त हात त्यांच्या छातीच्या उंचीवर ठेव आणि ओढ अगदी बेताची. कमरेवरचा तोल त्यांना किती सावरता येतो, ते त्यांनाच ठाऊक. पट्टा लावायचा की नाही, तेही तेच ठरवतील.

हे काही तू नवीन काढलेलं खूळ नाही, काकूला सांग. स्वीडनमध्ये 1968 पासून लोक व्हीलचेअरवर नाचताहेत. 1975 मध्ये तिथेच पहिली स्पर्धा झाली आणि 1998 पासून जागतिक स्पर्धा होतात. त्यात एक जण खुर्चीत आणि एक जण उभा, अशा जोड्यांचा वेगळा प्रकारच आहे. त्यांचे व्हिडिओ बाबांबरोबर बसून बघ. हाताच्या नुसत्या ताणाने खुर्ची कशी वळवतात, ते बघून अर्धं शिक्षण तिथेच होईल.

गाणं बाबांनाच निवडू दे. त्यांची कितीतरी आवडती भावगीतं दादऱ्यात आहेत. सहा मात्रा, तीन-तीनच्या. तिकडचा वॉल्ट्झही तीनच्याच मोजणीवर चालतो, त्यामुळे अमेरिकन पाहुण्यांनाही ठेका पटकन कळेल. शिवाय खुर्चीला ही लय फार शोभते: पहिल्या मात्रेला चाक ढकलायचं आणि पुढच्या दोन मात्रा खुर्ची आपोआप घरंगळत जाऊ द्यायची. गाणं कापून दोन मिनिटांचं कर. खांदे दुखायच्या आत संपलेलं बरं.

आता तुझ्या कपड्यांचं. तो घेरदार लेहेंगा त्या वेळी नको. घेर चाकात अडकला की खुर्ची जागच्या जागी थांबते, आणि बाबा पुढे झुकलेले असतील तर तोल जाऊ शकतो. नऊवारी नेस. काष्टा असल्यामुळे खाली लोंबणारं काही राहत नाही. पदर मात्र घट्ट पिनअप कर. उंच टाचा नकोत. आणि हिरवा चुडा! तो उतरवायचा नाही हे मला कळतं, पण काचेच्या बांगड्या चाकाच्या कडीवर आपटल्या तर फुटतील आणि दोघांच्याही हाताला लागेल. म्हणून चाकाला हात तू लावायचाच नाहीस, ते काम त्यांचं.

हॉलवाल्यांशी तू स्वतः बोल. अमेरिकेत 1990 पासून कायदाच आहे, त्यामुळे दार, लिफ्ट, उतार याची फारशी काळजी नाही. गोची होते ती गालिच्यावर मांडलेल्या लाकडी डान्स फ्लोअरची. त्याच्या कडेला जरा जरी उंचवटा असला तरी खुर्चीची पुढची छोटी चाकं तिथे अडतात. कडेला उतरती पट्टी लावाल का, असं स्पष्ट विचार. जागच्या जागी पूर्ण वळायला खुर्चीला साधारण पाच फुटांचं वर्तुळ लागतं. तुम्ही दोघं आहात, तर निदान दहा-बारा फूट जागा मोकळी ठेवायला सांग. खुर्ची त्यांचीच हवी, सांगलीहून येताना आणतील ती. तिथे भाड्याची आणून सराव करू नका, प्रत्येक खुर्चीचं वळण वेगळं असतं.

दादाकडे एक काम सोपव. खुर्चीच्या मागच्या मुठींना कोणीही हात लावायचा नाही. आपल्याकडे प्रेमाने धावत येऊन ढकलणारे मामा-काका पुष्कळ, आणि न विचारता ढकललं की बाबांचा चेहरा कसा होतो, ते तू पाहिलं आहेस. निवेदकालाही आधीच बजाव, बाबांच्या जिद्दीवर भाषण नको. "आता नवरी आणि तिचे बाबा," एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. फोटोग्राफरला गुडघ्यावर बसून फोटो काढायला सांग, नाहीतर सगळ्या फोटोंत बाबांचा नुसता भांग दिसेल.

आणि शेवटी त्यांच्या मांडीवर बसायची कल्पना सोड. फोटोत छान दिसतं, मान्य आहे. पण त्यांच्या पायांना संवेदना नाही, दाब पडला, जखम झाली तरी त्यांना कळणार नाही. त्याऐवजी शेजारी एक स्टूल आधीच ठेवून घे. गाणं संपत आलं की त्यावर बस, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीवर येतील.

आत्ता सांगलीत सकाळ झाली असेल, बाबा चहा घेत असतील. आईच्या फोनवर नको, त्यांच्या फोनवर कर. सरळ विचार, "बाबा, माझ्याबरोबर नाचाल का?" आणि ते काय म्हणाले, ते मला लगेच कळव.