मुळापासून कुरळे

केस सरळ करून घेतलेली बाई पार्लरची पायरी पुन्हा चढते ती साधारण सहा-आठ महिन्यांनी. तोवर मुळाशी तीनेक इंच नवे कुरळे केस आलेले असतात. वर फुगारा, खाली सपाट पट्ट्या. आरशात बघवत नाही, कंगवा पुढे सरकत नाही आणि घरचेही म्हणू लागतात, ''जाऊन ये ना एकदा!'' मी कित्येक वर्षं याच टप्प्याला माघारी फिरले. कुरळ्या केसांना काय लावावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे मधले महिने काढायचे कसे, ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं असतं तर माझी बरीच वर्षं वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

शाळेत असताना तेल थापून, चापूनचोपून बांधलेल्या दोन वेण्यांत माझे केस दडून जायचे. कॉलेजात ते मोकळे झाले आणि 'जरा विंचरून येत जा' हे विंचरून आल्यावरही ऐकावं लागलं. नोकरी लागली तशी मी स्मूदनिंग करून घेतलं. उग्र वासाचं क्रीम, चुरचुरणारे डोळे, मग एकेक बट तापलेल्या प्रेसिंग मशीनमधून ओढून काढणं. वर सूचना अशी, की तीन दिवस पाणी लावायचं नाही, क्लिप लावायची नाही, केस कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. चौथ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं. ते कौतुक खरं होतं आणि मला हवंही होतं.

पुढच्या काही वर्षांत केस मधूनच तुटू लागले. कपाळाशी आखूड तुटक्या केसांची झालर आली, भांग रुंदावला. एकदा क्रीम टाळूला लागून चट्टे पडले, त्यावर खपल्या धरल्या. पार्लरमध्ये उत्तर मिळालं, ''मॅडम, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे, कोरफड लावा.'' त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून टाळू पाहिली आणि म्हणाल्या, ''केमिकल आणि इस्त्री दोन्ही बंद करा. दिसतात ते केस सुधारणार नाहीत. नवे येतील ते सांभाळा.''

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याचं वळण टिकतं ते त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे. स्मूदनिंग-रिबाँडिंगचं क्रीम, बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट, हे बंध तोडतं. इस्त्री केस सपाट करते आणि शेवटी लावलेलं न्यूट्रलायझर बंध त्या सपाट आकारात पुन्हा जोडतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या जे रिलॅक्सर वापरत आल्या, त्यांतल्या अनेकांत त्याहून जहाल सोडियम हायड्रॉक्साइड असतं. रसायन वेगळं असलं तरी बदललेला केस परत फिरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. टाळूबाहेरचा केस मृत असतो. कोणतंही तेल, स्पा किंवा महागडा मास्क त्याचं मूळचं वळण परत आणू शकत नाही. नवा केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम सहा इंच.

केराटिन ट्रीटमेंटबद्दल जास्त सावध राहा. नावावरून ते पोषण वाटतं. पण अशा अनेक उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वर्गीकृत केला आहे. आपण तो काही तास हुंगतो, पार्लरमध्ये काम करणारी मुलगी रोज हुंगते. 'फॉर्मल्डिहाइड-मुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. ट्युनिशियातल्या 26 वर्षांच्या एका तरुणीला तीन वेळा केस सरळ केल्यावर तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली, ती याच आम्लाच्या संदर्भात. त्याआधी 2022 मध्ये अमेरिकेत 33 हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, आणि हा कर्करोग एकूण विरळाच. तरी मला तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

आता त्या मधल्या महिन्यांकडे येते. नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे मिळतात, तो सांधा सगळ्यांत कच्चा. केस तिथेच तुटतात आणि वाटतं की कुरळे केसच गळताहेत. हिंमत असेल तर सरळ भाग एकदम कापून टाका. मोकळ्या व्हाल. मला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दर दोनेक महिन्यांनी थोडंथोडं कापत गेले. तो सांधा मानेशी असेल तर उंच, घट्ट पोनी बांधू नका. रबरबँडऐवजी कापडी बँड घ्या. रात्री दोन सैल पेड घाला आणि उशीला सॅटिनचा अभ्रा चढवा. दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून स्ट्रेटनर फिरवायचा मोह होईल. तो फिरवू नका, कारण उष्णतेने नवं वळणही बिघडतं. त्यापेक्षा ओले केस बोटांभोवती गुंडाळून वाळू द्या. सरळ टोकांनाही दिवसभरापुरतं वळण येतं.

न्हाण्याबद्दल थोडं. टाळूचं नैसर्गिक तेल कुरळ्या केसाच्या वळणांमुळे टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. शांपू टाळूलाच लावा, कंडिशनर मात्र लांबीला, सढळ हाताने. खोबरेल तेल न्हाण्याआधी लावावं. त्याने धुताना केसातलं प्रथिन कमी झडतं, हे मुंबईतल्याच संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं आहे. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवू नये. शिकेकाईची पूड मी सोडून दिली, कारण ती कुरळ्यांत अडकून बसते. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

वळण धरून ठेवायला बाजारच्या जेलपेक्षा माझा विश्वास जवसावर आहे. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत वर पांढरट फेस येतो आणि चमचा उचलला की तार सुटते. नेमका तेव्हाच गॅस बंद करा. अजून उकळलं तर ते गाळताच येत नाही. गरम असतानाच जुन्या मलमलीतून पिळून काढा. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकतं. केस निथळते ओले असतानाच हे लावा, ओंजळीत घेऊन टोकांकडून वर चुरगाळा आणि जादा पाणी पंच्याने टिपा. जाड टॉवेलने खसाखसा पुसलं की वळण मोडतं. वाळल्यावर केस शेवयांसारखे कडक होतात. घाबरू नका, पूर्ण सुकल्यावर हलक्या हाताने चुरगाळले की सुटे होतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीम टाळावीत. हवेतला ओलावा ओढून ती केस फुलवतात.

एवढं करूनही टाळू दिसत असेल, चकत्या पडत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थायरॉइड आणि लोह तपासून घ्या.

लहानपणी रविवारी आई माझ्या वाळलेल्या केसांत फणी घालायची तेव्हा मी रडायचे. तिचे केस सरळ होते, तिला दुसरी रीत कोणी शिकवलीच नव्हती. तुमच्या घरी कुरळ्या केसांची मुलगी असेल तर केस ओले असताना, कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर सोडवत या. आणि तिच्यासमोर 'मोठी झालीस की सरळ करून घेऊ' असं कोणालाही म्हणू देऊ नका, आजीला नाही आणि मावशीलाही नाही.