परदेशातलं स्थळ: सही करण्याआधी

अमेरिकेतलं स्थळ आलं की घरात मुलाचा पगार, घर, गाडी यावर बोलणं होतं. आपली लेक तिथे कोणत्या व्हिसावर राहणार, हे कुणी विचारत नाही. भोंगवलीसारख्या गावातल्या आईबापांना ते कळावं, म्हणून आमच्या घरावर आलेला प्रसंग लेकीच्या संमतीने सांगते आहे.

जावई न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरीला, म्हणून लेकीला एच-४ मिळाला. हा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो. त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही जणींना परवानगी मिळते, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. इंजिनिअर झालेली आमची पोरगी भाजीपाल्यालाही नवऱ्याकडे पैसे मागत होती. बँकेचं खातं जावयांच्या एकट्याच्या नावावर, दागिने तिथल्या लॉकरात.

चुलतभावाच्या लग्नाला ती एकटीच गावी आली आणि जावयांनी तिचं परतीचं तिकीट रद्द केलं. फोन उचलणंही बंद केलं. पुढे पोस्टमनने एक जाड पाकीट आणून दिलं. आतला सगळा मजकूर इंग्रजीत, शेवटच्या पानावर सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. त्याच आठवड्यात जावयांचा फोन आला, "आई, तिची सही घेऊन पाठवून द्या. नुसती फॉर्मॅलिटी आहे." भावकीतली जाणती माणसंही म्हणाली, वाढवू नका, चार लोकांत शोभा होईल. लेक म्हणाली, "वकिलाला दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही." आम्ही तिच्या पाठीशी उभे राहिलो.

पुण्याच्या वकीलबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. ते तिथल्या कोर्टातले घटस्फोटाचे कागद होते. वाय. नरसिंह राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली निकाल दिला आहे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न परदेशी कोर्टाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून मोडलं, आणि बायको आपणहून त्या कोर्टापुढे गेली नसेल, तिची संमतीही नसेल, तर तो घटस्फोट भारतात मानला जात नाही. म्हणूनच नवऱ्याला सही हवी असते. पण कागद कपाटात टाकून गप्प बसणंही घातक, कारण तिथे एकतर्फी निकाल लागतो. आम्ही वकिलामार्फत हरकत कळवली. राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडे तक्रारही केली.

ज्यांच्या घरी असं स्थळ आलं आहे, त्यांनी एवढं करावं.

साखरपुड्याआधी मुलाचा पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीची कागदपत्रं मागा. पहिलं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा बघा. मागायला संकोच वाटला तरी मागा.

लग्नाची नोंदणी लगेच करा आणि दाखल्याच्या प्रती माहेरी ठेवा. दागिन्यांची यादी, पावत्या, फोटो जपून ठेवा. स्त्रीधन तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केलं आहे.

पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं लेकीच्याच ताब्यात असू द्या. तिथे तिच्या नावाचं बँक खातं हवंच.

मारहाण झाली तर 911 या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा, इंग्रजी अडलं तर दुभाषा मागायचा, हे तिला निघण्याआधी सांगा. न्यू जर्सीत 1985 पासून 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये 1989 पासून 'सखी' या संस्था दक्षिण आशियाई बायकांच्या पाठीशी उभ्या आहेत.

पदरात मूल असेल तर तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय ते घेऊन भारतात निघू नये. बापाच्या संमतीविना मूल नेणं तिथे गुन्हा ठरू शकतो.

आणि शेवटचं, आईबापांसाठी. लेकीचा रडवेला फोन आला की "सांभाळून घे" म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐका. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील, पण घाईत झालेली सही तिला जन्मभर भोवेल.