विजन : अर्थ आणि आचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात अटन, विजन, भिक्षा, भोजन व स्मरण ही साधकाच्या नित्यविधीची अंगे होत. यांपैकी 'विजन' म्हणजे जनसंपर्करहित स्थान व तेथे केलेले ईश्वरस्मरण. देशाच्या शेवटी, झाडातळी आयुष्य वेचण्याची आज्ञा याच अर्थाची आहे. ओळखीच्या माणसांत मान मिळतो, मानातून ममत्व उपजते आणि ममत्व हेच जीवाचे बंधन होय.

येथे शंका अशी येते की, जनसंग टाकावयाचा तर साधकाने भिक्षेसाठी गावात का जावे? कोणी भक्ताने रानातच अन्न पोचविले तर विजन अधिक शुद्ध राहणार नाही काय?

याचे समाधान असे. रोज एकच दाता अन्न आणू लागला की साधक त्याची वाट पाहू लागतो. एक दिवस उशीर झाला तर मन क्षुब्ध होते. अशा रीतीने गाव सुटूनही एका घराचा संबंध जडतो. याउलट घर न निवडता, पदार्थाची आवड न धरता, मिळेल ते घेऊन निघून जाणारा भिक्षुक गावात जाऊनही कोणाचा होत नाही. म्हणून भिक्षा ही विजनास बाधक नसून त्याची रक्षक आहे.

दुसरे असे की, केवळ निर्जन जागा म्हणजे विजन नव्हे. देह झाडातळी आणि चित्त सोडून आलेल्या घरी, अशी स्थिती असेल तर तेथे जनच वसतात. स्मरणानेच स्थान विजन होते.

विजन म्हणजे लोकद्वेषही नव्हे. लीळाचरित्राच्या 'एकांक' या भागात स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा आहेत. पूर्वार्ध व उत्तरार्ध भक्तपरिवाराने भरलेले आहेत. एकाकी राहिलेल्या स्वामींनीच पुढे स्त्रीपुरुष सर्वांस ज्ञान निरूपिले.

आज पुष्कळ साधुजन मठात राहतात. तेथे 'माझा मठ, माझा शिष्य' ही भावना उपजते का, हे ज्याने त्याने तपासावे. वासनिकांनीही साधूस दान द्यावे, परंतु त्यास आपल्या घराशी बांधू नये. स्वतः दिवसातील काही वेळ प्रपंचाची वार्ता सोडून स्मरणात घालवावा. संबंध सुटणे हे विजनाचे फळ. ते ज्यास आले त्याचेच रान सार्थकी लागले.