सहलीचीं स्थळें आणि त्यांचे राखणदार

सहलीचा दिवस ठरला म्हणजे शाळेंत केवढी धांदल उडते! डब्यांत काय न्यावयाचें, गाडी किती वाजतां सुटणार, कोणीं कोणाशेजारीं बसावयाचें, ह्या विचारांनीं आठवडाभर आपलें डोकें भरून गेलेलें असतें. परंतु ज्या ठिकाणीं आपण जाणार, तें आपणांसाठीं शिल्लक राहिलें कसें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जुनी इमारत आपोआप उभी राहत नाहीं. तिचें छप्पर कोणाला तरी शाकारावें लागतें. डोंगरावरचें रान आपोआप टिकत नाहीं. तें तोडूं पाहणाऱ्याचा हात कोणाला तरी धरावा लागतो.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून इंग्लंडांतील एका संस्थेचा इतिहास येथें थोडक्यांत देतों. 'ऐतिहासिक महत्त्वाच्या किंवा नैसर्गिक सौंदर्याच्या स्थळांसाठीं राष्ट्रीय न्यास' अशा अर्थाचें तिचें लांबलचक नांव आहे. लोक तिला 'नॅशनल ट्रस्ट' एवढेंच म्हणतात. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील लोक सुट्टीच्या दिवशीं जुनीं घरें, बागा, टेकड्या किंवा समुद्रकिनारे पाहावयास निघाले, म्हणजे पुष्कळ वेळां ह्याच संस्थेच्या दारीं येऊन पोहोंचतात.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कारखाने वाढले, आगगाड्या आल्या, आणि शहरें चोहोंकडे पसरूं लागलीं. ज्या माळांवर गांवकऱ्यांचीं गुरें चरत व मुलें खेळत, ते एकामागून एक कुंपणांत जाऊं लागले. अशा काळीं ऑक्टेव्हिया हिल (१८३८–१९१२) ह्या बाईंनीं १८६५ सालीं लंडनमध्यें कांहीं मोडकळीस आलेलीं घरें हातीं घेतलीं. पैसा पुरविला प्रसिद्ध लेखक जॉन रस्किन ह्यांनीं. घरें दुरुस्त करून तीं गरीब भाडेकऱ्यांस देण्यांत आलीं. परंतु बाईंना लवकरच दिसून आलें कीं, भिंती नीट केल्यानें माणसाची सर्व गरज भागत नाहीं. धुरानें काळवंडलेल्या बोळांत वाढणाऱ्या मुलांस मोकळें आकाश व हिरवें गवत हींहि हवीं असतात. म्हणून त्या आपल्या भाडेकऱ्यांस सहलीला नेत असत. १८७५ सालीं लंडनमधील स्विस कॉटेज ह्या भागांतील कुरणें वांचविण्यासाठीं त्यांनीं मोठी खटपट केली. परंतु ती व्यर्थ गेली, आणि त्या कुरणांवर घरें उभीं राहिलीं.

हा पराभव फुकट गेला नाहीं. एका कुरणासाठीं एकदां लढून भागत नाहीं, हें बाईंना कळून चुकलें. आजचा मालक सज्जन असला तरी उद्यां त्याचा वारस जमीन विकील. मग कायमचा राखणदार कोठून आणावा? ह्या प्रश्नाचें उत्तर रॉबर्ट हंटर ह्या कायदेपंडितानें सुचविलें. सार्वजनिक माळरानांसाठीं न्यायालयांत लढून त्यांनीं नांव मिळविलें होतें. ज्या संस्थेला कायद्यानें स्वतःच्या नांवावर जमीन धारण करतां येईल अशी संस्था असावी, असा विचार त्यांनीं १८८४ सालीं मांडला. अशा संस्थेस 'कंपनी' म्हणूं नये, 'न्यास' म्हणावें, असें हिलबाईंनीं त्यांस पत्रानें कळविलें. कारण कंपनी म्हटली कीं नफा आला, आणि येथें तर लोकांचा ठेवा संभाळावयाचा होता. ह्या दोघांस तिसरे मिळाले ते हार्डविक रॉन्स्ली हे धर्मोपदेशक. इंग्लंडच्या वायव्येस डोंगरांनीं वेढलेल्या सरोवरांचा जो रम्य प्रदेश आहे, तेथें ते पाळक होते, आणि त्या डोंगरांतून खाणीचा दगड नेण्यासाठीं आंखलेल्या रेल्वेविरुद्ध त्यांनीं १८८३ सालीं यशस्वी चळवळ केली होती. ह्या तिघांच्या प्रयत्नानें १२ जानेवारी १८९५ रोजीं न्यासाची रीतसर नोंदणी झाली.

आरंभ अगदीं लहान होता. पहिली देणगी मिळाली ती वेल्समधील बारमथ गांवाच्या माथ्यावरील समुद्राकडे तोंड केलेल्या सुमारे ५ एकर उताराची. ती फॅनी टॅलबट ह्या बाईंनीं दिली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, न्यासानें पहिलें घर विकत घेतलें. हा कांहीं राजवाडा नव्हता. ससेक्स परगण्यांतील ॲल्फ्रिस्टन गांवचें तें चौदाव्या शतकांतील, लांकडी सांगाड्याचें व गवतानें शाकारलेलें पाळकाचें घर होतें. तें पडावयास आलें होतें, आणि त्याची किंमत पडली अवघे १० पौंड! त्याच्या मधल्या दालनाची जमीन खडूचा चुरा ठोकून व वर आंबट दूध चोपडून केलेली आहे. हें वाचून आपणांस आपल्या खेड्यांतील शेणानें सारवलेल्या जमिनीची आठवण होईल. मोठ्यांचे महाल तर सर्वांनाच दिसतात. परंतु साध्या घरालाहि इतिहास असतो, हें न्यासानें ह्या पहिल्याच खरेदींत दाखवून दिलें.

१९०२ सालची हकीकत याहूनहि सांगण्यासारखी आहे. डरवेंटवॉटर ह्या सरोवराच्या कांठचें ब्रँडलहाउ नांवाचें रान विक्रीस निघालें होतें. सुमारे १०० एकरांची ती जागा घेण्यास ६,५०० पौंड हवे होते. न्यासानें लोकांपुढें पदर पसरला, आणि श्रीमंतांबरोबर गरिबांनींहि आपला वांटा उचलला. शेफील्ड येथील एका कामगारानें अडीच शिलिंग पाठविले. हीं सरोवरें पाहावीं असें आपणांस जन्मभर वाटे, आतां तें घडावयाचें नाहीं, तरी दुसऱ्यांसाठीं तीं राहावींत म्हणून ही मदत, असा त्याच्या पत्राचा आशय होता. विद्यार्थिमित्रहो, जें आपल्या नशिबीं नाहीं तें दुसऱ्याला मिळावें म्हणून पदरचे अडीच शिलिंग देणारा हा मनुष्य त्या रानाचा खरा धनी नव्हे काय?

१९०७ सालीं पार्लमेंटनें कायदा करून न्यासाला एक विलक्षण अधिकार दिला. जी मालमत्ता न्यास 'अहस्तांतरणीय' म्हणून जाहीर करील, ती पुढें त्याला स्वतःलाहि विकतां येत नाहीं. राखणदारानें आपल्याच हातांत बेडी घालून घ्यावी, अशांतला हा प्रकार! परंतु विश्वासाचें सारें बळ ह्या बेडींतच आहे.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्या देशाशींहि जुळतो. वंगभंगामुळें लॉर्ड कर्झन ह्यांचें नांव आपल्याकडे कटु आठवणींशीं निगडित आहे. तथापि प्राचीन इमारतींच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत झाला, हेंहि खरें. पुढें १९११ सालीं स्वदेशीं त्यांच्या कानावर आलें कीं, पंधराव्या शतकांतील टॅटर्शल येथील विटांच्या गढीमधून, विस्तव करण्याच्या जागेभोंवतालच्या कोरीव दगडी चौकटी उखडून विकण्यांत आल्या आहेत. त्यांनीं ती गढी विकत घेतली, त्या चौकटी हुडकून परत आणून बसविल्या, आणि १९२५ सालीं मृत्युपत्रानें ती न्यासास दिली.

पुढें वारसाकराच्या भारानें मोठमोठे वाडे त्यांच्या मालकांस संभाळणें जड जाऊं लागलें. १९३७ च्या कायद्यानें असे वाडे न्यासाकडे येण्याचा मार्ग सुकर झाला, आणि पूर्वीं जेथें गरिबाला नोकर म्हणूनच प्रवेश होता, तेथें तो पाहुणा म्हणून जाऊं लागला. परंतु येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. हे वाडे कोणाच्या पैशानें बांधले? वेल्समधील पोविस गढी १९५२ सालीं न्यासाकडे आली. रॉबर्ट क्लाइव्ह व त्याचा मुलगा एडवर्ड ह्यांनीं हिंदुस्थानांतून मिळविलेल्या वस्तूंचा संग्रह तेथें आहे, आणि त्यांत टिपू सुलतानाचा तंबूहि आहे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. २०२० सालीं न्यासानें एक अहवाल प्रसिद्ध करून, आपल्याकडील ९३ स्थळांचा गुलामांच्या व्यापाराशीं किंवा वसाहतींच्या सत्तेशीं काय संबंध होता, हें जाहीरपणें सांगितलें. तें पुष्कळांस रुचलें नाहीं. परंतु ज्यानें भिंत राखली व सत्य लपविलें, त्यानें अर्धेंच काम केलें. घराची शोभा पाहून आनंद मानावा, आणि त्या शोभेची किंमत कोणीं मोजली हेंहि विचारावें. ह्या दोहोंत विरोध नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या प्रांतांत गड आहेत, लेणीं आहेत, नद्यांचे घाट आहेत, जुने वाडे आहेत. सहलीला गेलेला विद्यार्थी तेथें काय ठेवून येतो? पुष्कळदां कोळशानें लिहिलेलें किंवा खिळ्यानें कोरलेलें स्वतःचें नांव आणि खाऊचे कागद! शेफील्डच्या त्या कामगाराचें नांव ब्रँडलहाउच्या कोणत्याहि झाडावर कोरलेलें नाहीं. तरी तेथील प्रत्येक झाड उभें राहण्यास त्याचा हात लागला आहे.

शुभवर्तमानांत धन्यानें परदेशीं जातांना आपल्या चाकरांवर मालमत्ता सोंपविल्याचा दृष्टांत आहे. धनी परत आल्यावर प्रत्येकास हिशेब द्यावा लागला. डोंगर, झरे व पूर्वजांचीं घरें हीं आपणांकडे अशींच सोंपविलेलीं आहेत, आणि आपला हिशेब मागणारे आपल्यामागून येणारे विद्यार्थी आहेत. यंदाच्या सहलीस निघतांना डब्याबरोबर एक रिकामी पिशवी न्यावी. आपला व दुसऱ्यांचाहि कचरा तींत भरून आणावा. त्या स्थळाचा इतिहास आधीं वाचावा, आणि तेथें राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशीं बसून तो त्याच्या तोंडूनहि ऐकावा. अडीच शिलिंग नसले तरी एवढें आपणांपैकीं प्रत्येकाजवळ खास आहे.