झडपेचा दोष आणि मनाचा धसका

‘धसका घेणे’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. एखाद्या अपघाताने, वाईट बातमीने किंवा आजाराने मनात शिरलेली भीती मूळ कारण दूर झाल्यावरही माणसाला छळत राहते, तेव्हा त्याने धसका घेतला असे आपण म्हणतो. ‘तुमच्या हृदयाच्या झडपेत दोष आहे’ हे वाक्य ज्याने एकदा ऐकले, त्याच्या बाबतीत हा धसका फार बिकट रूप धारण करतो. भीती वाटली की छाती धडधडते आणि छाती धडधडली की भीती वाढते. ही धडधड झडपेची की मनाची, हे त्याला स्वतःला ठरविता येत नाही. भोवतालच्या माणसांनाही ते उमगत नाही.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका घडतात. खरोखरच झडप बिघडलेल्या मुलीची धाप ‘ती जरा घाबरट आहे’ म्हणून दुर्लक्षिली जाते. उलटपक्षी, झडपेचा दोष किरकोळ असलेला धडधाकट मनुष्य केवळ भीतीपोटी काम, प्रवास आणि चारचौघांत जाणे सोडून घरात बसतो. पहिली चूक जिवावर बेतू शकते, तर दुसरीमुळे माणूस जिवंत असूनही त्याचे जगणे थांबते. या दोन्ही चुका कशा टाळाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झडपांचे कार्य व त्यांतील दोष

हृदयाला चार कप्पे व चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यावयाचे व मागे येऊ द्यावयाचे नाही, एवढेच झडपेचे काम. विहिरीवरील पंपाच्या झडपेसारखेच हे कार्य होय. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि तितक्याच वेळा या झडपा उघडतात व मिटतात. झडप अरुंद झाली तर रक्त पुढे जाण्यास अडथळा होतो. ती नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते.

आपल्याकडे झडपा बिघडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे रुमॅटिक ज्वर. साधारणतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना विशिष्ट जंतूंमुळे घशाचा दाह होतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो व मोठे सांधे एकामागून एक सुजतात. सांध्यांची सूज पुढे ओसरते, परंतु हृदयाच्या झडपांवर, विशेषतः डावीकडील द्विदल झडपेवर, कायमचा व्रण राहू शकतो. बालपणीचे हे दुखणे घरचे विसरून जातात आणि दहा-वीस वर्षांनी धाप लागू लागते.

दुसरा प्रकार याहून पुष्कळ सौम्य आहे. त्यात द्विदल झडपेचे पडदे थोडे सैल असून मिटताना मागच्या बाजूस फुगतात. डॉक्टर यास ‘प्रोलॅप्स’ म्हणतात. अशा बहुसंख्य व्यक्तींना आयुष्यभर काहीही उपद्रव होत नाही. थोड्यांच्याच बाबतीत गळती वाढते व शस्त्रक्रियेची गरज पडते. एकाच ‘झडपेचा दोष’ या नावाखाली किती भिन्न गोष्टी येतात, हे यावरून ध्यानात येईल. म्हणून आपला दोष कोणत्या झडपेत आहे, कोणत्या प्रकारचा आहे व किती आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारले पाहिजेत. इको तपासणीने त्यांची उत्तरे मिळतात. अर्धवट माहितीइतके धसक्याला पोषक दुसरे काही नाही.

भीतीचा झटका म्हणजे काय?

संकट समोर दिसताच शरीर पळण्यास वा झुंजण्यास सज्ज होते. ॲड्रिनलिन हे द्रव्य रक्तात उतरते, नाडी जलद होते, श्वास वाढतो, घाम सुटतो. शेतात पायाशी साप दिसला तर ही तयारी प्राण वाचविते. मात्र कधी कधी समोर साप नसतानाही हीच यंत्रणा एकाएकी सुरू होते. छातीत धडधड, घशात आवळल्यासारखे वाटणे, दरदरून घाम, हातापायांना कंप व ‘आता मी मरणार’ अशी खात्री, हे सारे काही मिनिटांतच शिगेला पोहोचते व बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. हाच भीतीचा झटका. त्यात माणूस जोरजोराने श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि रुग्णाची भीती अधिकच बळावते.

हा झटका म्हणजे ढोंग नव्हे, की मनाचा दुबळेपणाही नव्हे. ‘उगाच मनावर घेऊ नकोस’ एवढ्या उपदेशाने तो थांबत नाही.

दीड शतकाचा शोध

हृदय आणि भीती यांचा हा गुंता वैद्यकशास्त्रालाही सहजी सुटला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात अनेक तरुण सैनिक धडधड, छातीतील वेदना व थकवा यांनी बेजार झाले होते. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अशा ३०० हून अधिक सैनिकांचा अभ्यास करून १८७१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सर थॉमस लुईस यांनी याच व्याधीचा पाठपुरावा केला. पुढे १९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जॉन बार्लो यांनी नळीतून ऐकू येणारा एक विशिष्ट ‘टक्’ आवाज द्विदल झडपेतून येतो हे दाखविले. त्यानंतरच्या दोन दशकांत भीतीचे झटके येणाऱ्या पुष्कळ लोकांत ही सैल झडप आढळल्याचे अहवाल आले. झडप हेच भीतीचे मूळ असावे, असा समज त्यामुळे पसरला.

कालांतराने इको तपासणीचे निकष अधिक काटेकोर झाले आणि हा समज ढासळू लागला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ३,४९१ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अशी झडप केवळ सुमारे २.४ टक्के लोकांत आढळली. इतकेच नव्हे, तर छातीतील वेदना व धाप यांचे प्रमाण झडप सैल असलेल्या व नसलेल्या लोकांत सारखेच निघाले. यातून घ्यावयाचा बोध असा की, झडपेचा सौम्य दोष व भीतीचा झटका हे एकाच घरात राहणारे दोन वेगळे पाहुणे असू शकतात. एकाची तपासणी झाली म्हणजे दुसऱ्याचा उपचार झाला असे होत नाही.

झडप अरुंद असेल तर

तथापि, द्विदल झडप खरोखरच अरुंद झालेली असेल तेव्हा परिस्थिती वेगळी असते. अरुंद झडपेतून रक्त खाली उतरण्यास पुरेसा वेळ लागतो. भीतीने नाडी जलद झाली की दोन ठोक्यांमधील हा वेळच कमी पडतो, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते व खरीखुरी धाप लागते. म्हणजे येथे भीती केवळ त्रासदायक न राहता अपायकारकही ठरते. अशा रुग्णाच्या मनाला स्वस्थता देणे हा हृदयोपचाराचाच एक भाग होय.

गरोदरपणी याकडे विशेष लक्ष हवे. त्या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. तोवर लपून राहिलेला झडपेचा दोष तेव्हा प्रथमच उघड होतो. ‘पहिलटकरीण आहे, घाबरली असेल’ असे म्हणून तिची धाप कोणीही टाळू नये.

केव्हा थांबू नये

पुढील लक्षणे भीतीची समजून घरी वाट पाहू नये : आडवे पडताच धाप लागणे व उठून बसावे लागणे, पायांवर सूज, खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस पडणे, श्रम करताना शुद्ध हरपणे, नाडी अत्यंत जलद वा अनियमित होणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, हात, जबडा वा पाठीकडे जाणारी छातीतील कळ. अशा प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झडपेच्या रुग्णाचा ताप काही दिवस हटत नसेल तर तेही डॉक्टरांना त्वरित दाखवावे. झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते. छातीत असा त्रास प्रथमच होत असेल, तर तो भीतीचा आहे असा निर्णय घरी घेऊ नये. तो अधिकार डॉक्टरांचा.

झटका आला असता

तपासणी पूर्ण झाली असून डॉक्टरांनी हे भीतीचे झटके आहेत असे सांगितले असेल, तर पुढील साधी रीत उपयोगी पडते. जेथे असाल तेथेच टेकून बसावे. नाकाने सावकाश चार अंक मोजीत श्वास घ्यावा व सहा अंक मोजीत सोडावा. श्वास कोंडून धरू नये. ‘ही लाट आहे, ती चढेल व उतरेल’ असे मनाशी म्हणावे. भोवतीच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत. तोंडाला कागदी पिशवी लावून श्वास घेण्याचा उपाय हृदयरुग्णाने करू नये, कारण त्याने प्राणवायू कमी पडण्याचा धोका असतो.

जवळच्या माणसांनी गर्दी करू नये आणि प्रश्नांचा भडिमारही करू नये. एकाने शेजारी बसून शांत आवाजात श्वासाची मोजणी करावी, एवढे पुरे.

खरी कसोटी झटका ओसरल्यानंतर असते. ज्या बसमध्ये झटका आला ती बस, ज्या बाजारात आला तो बाजार टाळण्याची इच्छा होते. टाळण्याने तात्पुरते बरे वाटते, पण भीतीचे क्षेत्र वाढतच जाते. म्हणून डॉक्टरांनी घालून दिलेल्या श्रमाच्या मर्यादेत राहून रोज थोडे थोडे पुढे जावे. आज अंगणापर्यंत, उद्या पारापर्यंत, आठवड्याने बाजारापर्यंत. मानसोपचारात याच तत्त्वावर पद्धतशीर उपचार केले जातात व त्यांचा चांगला गुण येतो.

औषधांविषयी सावधगिरी

भीतीच्या झटक्यांवर परिणामकारक औषधे आहेत. परंतु ती देणाऱ्या डॉक्टरांना हृदयाची सर्व औषधे दाखविलीच पाहिजेत. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णास रक्त न गोठण्याची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ती स्वतःच्या मनाने बंद केल्यास झडपेवर गाठ धरू शकते. उलट, चिंतेवरील काही गोळ्या तिच्या जोडीने घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. तंबाखू, मिश्री, विडी व अतिरेकी चहा यांनी धडधड वाढते. दारूने क्षणभर भीती दबते, मात्र नंतर ती दुणावते. सर्दीवरील काही औषधांनीही नाडी जलद होते.

रुमॅटिक ज्वर होऊन गेलेल्यांना ठराविक मुदतीने, बहुधा दर तीन आठवड्यांनी, पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. सुईच्या भीतीने ते चुकविल्यास ज्वर उलटण्याचा व झडप अधिक बिघडण्याचा संभव असतो.

धातूच्या झडपेबाबत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक रुग्णास स्वतःला ऐकू येते. कित्येकांची झोप त्या आवाजाने उडते व पुढचा ठोका पडेल की नाही, याची ते वाट पाहत राहतात. तो आवाज झडप व्यवस्थित मिटत असल्याचा आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगितले तर पुष्कळ त्रास वाचेल. तिरुअनंतपुरम येथील श्रीचित्रा संस्थेने भारतीय बनावटीची झडप विकसित करून १९९० मध्ये ती प्रथम रुग्णावर बसविली. तेव्हापासून अनेक रुग्ण अशा झडपेसह संसार व कामकाज करीत आहेत. आता कित्येक अरुंद झडपा छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने रुंद करता येतात.

समाजाची जबाबदारी

शिक्षकांनी घशाच्या दुखण्यानंतर ताप व सांधेदुखीने गैरहजर राहणारे मूल हेरावे. खेळताना लवकर दमणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याची तपासणी करवावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात रुमॅटिक हृदयरोगाचा समावेश आहे. त्या पथकापुढे असे मूल आवर्जून आणावे. ज्या मुलास डॉक्टरांनी खेळण्याची मुभा दिली आहे, त्यास मात्र केवळ काळजीपोटी मैदानाबाहेर बसवू नये. त्याच्या मनात पहिला धसका तेथेच रुजतो.

कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास कुचेष्टेचा विषय होऊ देऊ नये. ग्रामपंचायत सदस्यांनी, अंगात आले किंवा बाधा झाली म्हणून रुग्णाला मांत्रिकाकडे नेले जात असेल तर त्या कुटुंबाची समजूत घालून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून अमलात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व चावडीच्या फलकावर लिहून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

झडपेची तपासणी केल्याविना भीतीला दोष देऊ नये आणि तपासणी झाल्यावर भीतीला अनाथ सोडू नये, हे या विषयाचे सार होय. हृदयाचा दोष डॉक्टर दुरुस्त करतील. परंतु दुरुस्त झालेल्या हृदयासह पुन्हा निर्भयपणे घराबाहेर पडण्यासाठी रुग्णाला शेजाऱ्याचा, शिक्षकाचा व सहकाऱ्याचा हात लागतो. तो देणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.