घोडा घेताय? आधी त्याचं तोंड बघा

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या हौशी मंडळींची आकडेमोड सुरू होते. मारवाडी घ्यावा की काठेवाडी, पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा परवडेल का, व्यापारी किती खाली येईल. भाव ठरतो उंचीवर, रंगावर, कानांवर आणि हलगीच्या ठेक्यावर घोडी कशी नाचते यावर. तिच्या तोंडात कुठली कडी आहे आणि त्या कडीने आत काय करून ठेवलंय, हे बहुतेकांना पैसे मोजून झाल्यावर कळतं. ते आधीच बघता येतं आणि बघायला एक रुपयाही लागत नाही.

व्यापाऱ्याला लगाम उतरवायला सांगा. तो काचकूच करू लागला, तर पुढचा घोडा बघा. लगाम निघाल्यावर ओठाचा कोपरा अंगठ्याने हलकेच वर उचला. तिथे केस गेलेले गुलाबी चट्टे किंवा पांढरट वण दिसले, तर त्या तोंडाने बरंच सोसलंय. मग समोरच्या दातांच्या मागे बघा. दाढांच्या आधी तिथे दात नसलेली मोकळी जागा असते आणि कडी नेमकी तिच्यावर बसते. हाडावर जेमतेम पातळ कातडीचा पडदा असतो, त्यामुळे ओढ सरळ हाडाला लागते. जीभही बघा; आडवी खाच किंवा निळसरपणा असेल तर कडी रुतत होती. शेवटी लगाम परत चढवायला सांगा आणि घोडा काय करतो ते बघत राहा. हात कानाजवळ येताच मान उंच झुगारणारा घोडा तापट असल्याचं व्यापारी सांगेल. बहुतेक वेळा कारण दुखणं हेच असतं. नाचणाऱ्या घोडीच्या तोंडाचा फेस बघून लोक खूश होतात. मी त्या फेसात रक्ताची रेघ आहे का ते आधी बघतो.

बाहेरून काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडं तपासली गेली आणि २०१९ मध्ये ती पाहणी प्रसिद्ध झाली. ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात ताज्या जखमा सापडल्या, पण बाहेर रक्त दिसलं ते अगदी मोजक्यांच्या.

आता खर्चाकडे वळू. मध्ये एक सांधा असलेली, दोन्ही बाजूंना गोल कड्या असलेली साधी स्टेनलेस स्टीलची कडी देशी बनावटीची घेतली, तर अंदाजे सातशे ते दीड हजारात येते. कानपूरच्या कारागिरांचं चामड्याचं सामान नावाजलेलं आहे. चामडी लगामाला वेगळे दोन-चार हजार धरा. गंजलेली किंवा निकेलचा मुलामा उडालेली स्वस्त कडी घेऊ नका, तिच्या खरखरीत कडा ओठ कापतात. मापासाठी तोंडात दोरी आडवी धरा, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी खूण करा आणि त्यात अर्धा-एक सेंटिमीटर मिळवा. आपल्याकडच्या मध्यम चणीच्या घोड्यांना बहुधा साडेचार ते पाच इंची कडी लागते. जाड कडी मऊ असते असं दुकानदार सांगतो. लहान तोंडात मात्र ती जिभेला जागाच ठेवत नाही. कडी चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडली, तर माप जमलं. नाकावरचा पट्टा आवळला, तर नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जायला हवीत. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही ही ढिलाई मोजायला २०२५ पासून स्पर्धांत ठरावीक मापक आणलं आहे.

लांब दांड्यांची, हनुवटीखाली साखळी असलेली कडी वेगळ्याच तत्त्वावर चालते. ती तरफ आहे. वरचा भाग एक आणि खालचा तीन असेल, तर हातातली एक किलोची ओढ तोंडात कितीतरी वाढून पोहोचते. स्थिर हाताच्या मुरलेल्या स्वाराने ती बोटांनी वापरावी. शिकाऊ स्वार तोल सावरायला लगामाला लोंबकळतो, त्याच्या हाती ती देऊच नये. घोडा थांबत नाही म्हणून आणखी कडक कडी आणायची, हा मला सगळ्यांत वाया गेलेला खर्च वाटतो. दुखऱ्या तोंडाचा घोडा दुखण्यापासून पळतो, म्हणजे आणखी जोरात पळतो. तेच पैसे महिना-दोन महिने चांगल्या शिकवणाऱ्याला द्या. बिनकडीचा, नाकावर चालणारा लगामही मिळतो आणि अनेक शांत घोड्यांना तो पुरतो. मात्र त्यालाही लांब दांड्या असतील, तर नाकाचं हाड तेवढंच दुखतं.

थांबत नाही, मान झटकतो, एकाच बाजूला वळतो, या तक्रारींचं मूळ पुष्कळदा दातांत असतं. घोड्याचे दात म्हातारपणापर्यंत हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. चघळताना ते झिजतात, पण सारखे झिजत नाहीत. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापतात आणि कडीने गाल ओढला की जखम वाढते. काहींना पहिल्या दाढेपुढे छोटासा जादा दात असतो, कडी त्याच्यावर आपटते. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून तोंड उघडून तपासणी आणि गरज असल्यास कानशीने कडा घासून घेणं, यासाठी खासगीत दोन ते पाच हजार बाजूला ठेवा. आधी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

रोजच्या खर्चाचा अंदाज असा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो कोरडं खाणं लागतं. साडेपाच किलो चारा १२ रुपये दराने आणि दीड किलो खुराक ४० रुपये दराने धरला, तर दिवसाला १२६ रुपये, महिन्याला ३,७८०. तुमच्या गावचा दर घालून हिशेब पुन्हा करा. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कडबा आपल्याकडे मुबलक आहे, पण कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका, ती विषारी ठरू शकते. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आणि वर्षाकाठी धनुर्वाताची लस लागते. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला विकणाऱ्याकडून मागून घ्या. भीमथडी जातीचा घोडा मिळाला तर त्याचा जरूर विचार करा. पुणे, सोलापूर, सातारा, नगरच्या कोरड्या मुलुखात वाढलेली ही काटक जात आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे.

घोडा विकत न घेता वरातीपुरता भाड्याने घेणारे तर कितीतरी जास्त. त्यांच्या हातात इसाराचे पैसे असतात, म्हणून अटी घालायचा हक्कही असतो. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. काटे, गाठी किंवा टोकं असलेली कडी स्वारीसाठी किंवा गाडीसाठी वापरायला त्यात स्पष्ट मनाई आहे. तापमान ३७ अंशांपुढे गेलं की दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला लावता येत नाही. दिवसाचं काम नऊ तासांहून जास्त नको आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती हवीच. टांग्यात हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चौघेच बसू शकतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मुहूर्त साडेबाराचा असतो. तेव्हा वरात सकाळी लवकर काढा किंवा संध्याकाळी. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोणी भीत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाची अटच जास्त कामाची.

इसार देण्याआधी घोडी समोर आणायला सांगा, कडी हातात घ्या आणि तिच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर दुसरीकडे जा. व्यवहार ठरला तर पावतीवर चार ओळी लिहून घ्या: साधी गुळगुळीत कडी, दोन तासांच्या वर काम नाही, मध्ये सावलीत पाणी, डीजेच्या स्पीकरपासून लांब. भाडं पाचशे रुपयांनी वाढलं तरी द्या आणि वरातीच्या दिवशी नवरदेव चढायच्या आधी कडी पुन्हा एकदा बघा, कारण ऐनवेळी दुसरीच घोडी पाठवली जाऊ शकते.