झऱ्याचे पाणी आणि आपली गोळी

गेल्या आठवड्यात एक आजोबा दवाखान्यात आले. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही जुने. मुलगा जर्मनीत नोकरीला असल्याने तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे निघालेले. म्हणाले, "डॉक्टर, मुलगा शेजारच्या चेक देशात कार्लोव्ही व्हारीला नेणार आहे. तिथल्या झऱ्याच्या पाण्याने साखर उतरते म्हणे. मग एवढ्या गोळ्या कशाला न्यायच्या?"

असा प्रश्न इतरांनाही पडत असेल, म्हणून उत्तर येथे देतो.

कार्लोव्ही व्हारी हे डोंगरांच्या घळीत वसलेले छोटे गाव. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या नावाने चौदाव्या शतकापासून ते ओळखले जाते. तिथे डझनभर औषधी झरे आहेत. सर्वांत मोठ्या झऱ्याचे पाणी सुमारे ७२ अंश सेल्सिअस तापमानाचे असते आणि कारंज्यासारखे उंच उडते. लोक चोचीच्या चपट्या कपातून घोट घोट पाणी पीत, खांबांच्या लांब ओवऱ्यांतून फेऱ्या मारतात. पाणी पिता पिता चालावे, हा आग्रह अठराव्या शतकातील तिथले डॉक्टर डेव्हिड बेखर यांनी धरला. २०२१ साली युनेस्कोने युरोपातील अकरा स्नाननगरांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत हे गाव आहे.

आता पाण्याविषयी. एका लिटरमध्ये सुमारे सहा ग्रॅम क्षार असतात. मुख्यत्वे सोडियम, बायकार्बोनेट आणि सल्फेट. सल्फेटमुळे पोट साफ होते, बायकार्बोनेटमुळे आम्लता शमते. परंतु रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास जादा सोडियम बाधू शकते.

मग तिथे जाऊन लोकांना बरे का वाटते? रोजचे चालणे, मोजका आहार, वेळेवर झोप आणि घरच्या काळज्यांपासून सुटका! यांतले पहिले तीन उपचार आपल्या गावातही फुकट मिळतात.

आजोबांना मी चार गोष्टी सांगितल्या :

१) गोळी एक दिवसही चुकवू नये. पूर्ण मुदतीच्या गोळ्या, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.
२) झऱ्याचे पाणी चवीपुरते, दोन घोट. अधिक प्यायचे तर तिथल्या डॉक्टरांना विचारून.
३) गरम पाण्याच्या कुंडात फार वेळ बसू नये, रक्तदाब उतरून चक्कर येते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, चटका कळत नाही. पाणी आधी दुसऱ्याने पाहावे.
४) चालताना मऊ, बंद बूट घालावेत.

वज्रेश्वरीच्या कुंडांवर जाणाऱ्यांनीही तिसरी सूचना ध्यानात ठेवावी.

आजोबा हसून म्हणाले, "म्हणजे गाव बघायचे, औषध मात्र इथलेच!" अगदी बरोबर.